पायांचं पाय बघून घेतील

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे. घाटाच्या शेवटच्या दहा वळणांत नवरोबाने डोळे गच्च मिटून घेतले होते, आणि वर मलाच सांगत होता की घाबरू नकोस.

सराई दीडशे वर्षांची आहे, हे मालकीणबाईंनी चहा ओततानाच सांगून टाकलं. डोंगर ओलांडणारे व्यापारी पूर्वी इथे मुक्काम करायचे. दगडी पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या खोलगट झाल्यात. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. कपाटाचं दार मांजरासारखं ओरडतं आणि पलंग इतका उंच की चढायला स्टूल ठेवलंय. नवरोबा म्हणाला, पडलो तरी हरकत नाही, फिजिओथेरपिस्ट घरचीच आहे. विनोद काही खास नाही, पण दोन वर्षांतला पहिला, म्हणून लिहून ठेवते.

ही सहल वन्संची भेट. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसं आमचं चाललंय, हे त्यांना बघवत नव्हतं. जोडप्यांसाठी नाचाचं शिबिर, शुक्रवार ते रविवार, असा कागदच त्यांनी आपल्या धाकट्या भावाच्या हातात ठेवला. नाही म्हणायची त्याची टाप नव्हती.

आमची लेक खारू गेल्याला परवा दोन वर्षं झाली. एकोणीस वर्षांची होती. दोन दिवसांचा ताप. एवढंच लिहिते.

एकूण पाच जोडपी आहोत. दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको आमच्याच गाडीतून आले. सगळ्यांत म्हातारे टेलरकाका आणि टेलरकाकू. सतरा वर्षं मी लोकांच्या चाली बघत आलेय. त्या वयात गुडघे कुरकुरतात, पाऊल घासतं. या दोघांची पावलं मांजरीच्या पिल्लासारखी पडतात. विचारायला हवं, व्यायाम कोणता करतात.

संध्याकाळी हॉलमध्ये पहिला धडा झाला. मास्तर मोठ्याने बोलतच नाहीत. खाली बघू नका, पायांचं पाय बघून घेतील, एवढंच म्हणाले. मग म्हणाले, हात धरा. नवरोबाने माझा हात धरला. सांगितलं म्हणून का होईना.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी डॉक्टरांची बायको दुसऱ्याच गिरकीला घसरली. गुडघा मुरगळलाय. मी पट्टी बांधली आणि तिला खुर्चीत बसवलं. बिचारी दिवसभर तिथून बघत होती.

नवरोबाला नाच येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आमच्या लग्नात त्याने माझ्या बाबांच्या पायावर पाय देऊन त्यांचा अंगठा काळानिळा केला होता. दुपारी चारला मात्र अचानक जमलं. मलाही जमलं. मोजावं लागत नव्हतं, आठवावं लागत नव्हतं. थांबल्यावर कळलं की पावणेदोन तास झालेत आणि मला धाप लागलेली नाही.

बोटं बधीर झालीत, पायाची. फरशी गार आहे आणि बूट नवे आहेत. तेवढंच असेल.

एक गोष्ट मात्र खटकली. टेलरकाकूंच्या मागे फरशीवर लाल ठसे उमटत होते. खाली बसवून बूट काढला. टाचेत खिळा शिरला होता, चांगला नखभर. काकू आपल्या पायाकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत होत्या. मी चिमट्याने खिळा उपटला, जखम धुतली, चांगली दाबून बांधली. त्या मला रिकाम्या कपात चहा ओतायला सांगत होत्या. मी विचारलं, किती दिवसांपासून असं आहे. म्हणाल्या, पहिल्या शनिवार-रविवारीच जातं सगळं. म्हणजे तुम्ही याआधीही आला होता का, असं विचारलं, तर हसल्या. म्हणाल्या, एकदाच आलो ना, परत कुठे गेलो.

रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळ

उठल्या उठल्या सेफ्टीपिन घेऊन तपासलं. माझे दोन्ही पाय घोट्यापर्यंत बधीर. पिन टोचताना दिसते, टोचलेली कळत नाही. नवरोबाचे गुडघ्यापर्यंत. गुडघ्याखाली हाताच्या कडेने मारून पाहिलं तर पाय व्यवस्थित उडतो. ताकद पूर्ण आहे. असा रोग मी ना पुस्तकात वाचलाय ना दवाखान्यात पाहिलाय.

त्याला सांगितलं. तो दाढी करत शीळ घालत होता. म्हणाला, बरं आहे की, बूट चावत नाहीत.

परतीची गाडी अकराला आहे. बॅगा भरते.

रविवार, दुपार

आम्ही गेलो नाही. नीट लिहिते.

बॅग बंद करत होते तेव्हा तो पलंगावर बसून म्हणाला, खारूची आठवण आली. दोन वर्षांत त्याच्या तोंडून हे नाव ऐकलं नव्हतं. मी जाऊन त्याच्याजवळ बसले. वाटलं, आता रडेल, आता आम्ही दोघं रडू. तो म्हणाला, "आठवण आली आणि काही झालं नाही गं. आत काही हललंच नाही. किती बरं वाटतंय."

मी बॅग घेऊन खाली गेले. डॉक्टरांची बायको लंगडत गाडीपाशी पोचली होती, एकटीच. डॉक्टर हॉलमध्ये नाचत होते. तिने कालपासून सगळं बघितलं होतं. रात्री तिने नवऱ्याच्या दंडाला कडकडून चिमटा काढला होता, रक्त येईपर्यंत, आणि तो झोपेत हसला होता. मला म्हणाली, "ताई, बसा गाडीत. त्यांना नंतर माणसं आणून नेऊ. तुम्ही आत्ता बसा."

माझा हात गाडीच्या दारावर होता. कुणी अडवलं नाही. मालकीणबाई पायरीवर उभ्या राहून टॉवेल घडी करत होत्या, त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. रस्ता मोकळा होता, हवा स्वच्छ होती. मला घर दिसत होतं. खारूच्या खोलीचं बंद दार, त्याच्यासमोरून रोज सकाळी दात घासायला जायचं. रोज.

ड्रायव्हरला म्हटलं, आम्ही उद्या येऊ.

ती मागच्या काचेतून वळणापर्यंत बघत होती. मी नाचाला उशीर होऊ नये म्हणून आत आले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मांड्यांपर्यंत. त्याचं कमरेच्या वर गेलंय.

वन्संचा फोन आला. गाडीतून का उतरला नाहीत म्हणून आधी रागावल्या. मग मी त्याच्याकडे फोन दिला. त्याचा मोकळा आवाज ऐकून त्यांना रडू कोसळलं. मला म्हणाल्या, "राहा गं बाई अजून चार दिवस, घरी काय जळतंय? किती दिवसांनी हसलाय तो." मी हो म्हटलं. सांगायला हवं होतं. काय सांगायचं ते माहीत होतं, शब्दही तयार होते. सांगावंसं वाटलं नाही.

नंतर फोनमधला खारूचा फोटो काढून बघितला. कॉलेजच्या पहिल्या दिवसाचा, एक वेणी सुटलेली. पेशंटचा एक्स-रे बघतात तसा बघितला. डावा खांदा किंचित झुकवून उभी आहे. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

रडून बघितलं. चेहरा वाकडा करता येतो. पाणी येत नाही.

बरं वाटतंय का? त्याच्यासारखं बरं नाही. पण वाईटही नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

छातीपर्यंत.

सकाळी जेवणघरात जळका वास आला. तो शेगडीपाशी डॉक्टरांशी गप्पा मारत उभा होता, तळहात तापलेल्या लोखंडावर टेकवून. मी हात ओढून काढला. कातडी तिथेच राहिली. तो म्हणाला, अरेच्चा. डॉक्टर म्हणाले, अरेच्चा.

बांधलं. मलम आहे पुरेसं. उजवा तळहात, तिसऱ्या डिग्रीचं भाजणं, वेदना नाही. केसपेपर लिहितेय की काय मी.

त्याच हाताने तो माझा हात धरून नाचला. पट्टी ओली झालेली दिसत होती. कळत नव्हती.

दुपारी विचारलं, उद्या जाऊ या का. म्हणाला, कुठे?

बुधवार

आज तारीख कोणती —

टेलरकाकांचं काहीतरी बिनसलंय. काकू त्यांना घेऊन फिरत होत्या तेव्हा मान मागे पडली होती, जबडा सुटलेला. पाय मात्र ठेक्यात. एकही पाऊल चुकलं नाही. मी मास्तरांना थांबायला सांगितलं. ते म्हणाले, पायांचं पाय बघून घेतील.

मी पुढे झाले, काकांचं मनगट धरलं. नाडी बघायला.

बोटांना मनगटच लागत नव्हतं. माझी बोटं, सतरा वर्षांच्या सवयीची, डोळे मिटून मणके मोजणारी. दाबलं. आणखी दाबलं. काही नाही. काकांना नाडी नाही की मला बोटं नाहीत, ते —

काकू म्हणाल्या, सोडा आता, ताल जातो. त्यांना ओढून नेलं. की काकांनी त्यांना —

गुरुवार असावा

पेन बोटांना बांधलंय. जखमेच्या पट्टीने. नाहीतर सुटतं.

सकाळी आरशासमोर आपलीच नाडी बघितली. गळ्याला दोन बोटं लावलेली दिसली. दिसली फक्त.

भीती वाटायला हवी. वाटत नाही. ती कुठेतरी आहे, शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं तशी. भिंतीला कान लावला तर ऐकू येईल. एवढ्यासाठी लिहितेय, की —

डॉक्टरांच्या बायकोने माणसं आणू म्हटलं होतं. आणेल. रस्ता मोकळाच आहे.

नंतर

जेवण झालं. चव नाही. कोण कोण जेवलं ते बघितलं. टेलरकाका नाही. डॉक्टर नाही. तो —

त्याच्या ताटात सकाळचं तसंच आहे. कालचंही.

चार वाजत आले

तो समोर उभा आहे, हात पुढे करून. हसतोय. हाक मारली. हसतोय. छातीला कान लावला. खालून हॉलमधला ठेका येतोय, मोठा, जमिनीतून, त्यात दुसरं काही ऐकू —

आरसा धरला त्याच्या नाकापुढे. माझा हात हलतो, धूसर झाला की नाही नीट —

आता नुसती बसलेय आणि त्याचे डोळे बघतेय. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. झोपेत नसला तर मिटतोच. मी भिंतीवरच्या घड्याळावर मोजतेय. एक मिनिट झालं. दोन. तो हसतोय, पाय ठेका धरतायत. तीन. खारूचे बाबा, एकदा, एकदाच — चार. मास्तर बोलावतायत. माझे पाय उठले. मी अजून बसलेली असताना माझे पाय —

पाच. अजून एकदाही त्याने