'पडीक' या शब्दावर हरकत

४ फेब्रुवारी १९८६, मंगळवार
हिराबाई आज मासळीची पाटी न घेता आल्या. अठरा वर्षांत प्रथमच. हातात सरकारी नोटीस. "म्याडम, यान काय लिवलंय ता वाचा. गोड करून नका सांगू."
वर्सोव्यातले त्यांचे खळे, बोंबील सुकवण्याची जागा, 'पडीक' ठरली आहे. तेथे इमारती व्हायच्या. कारणे दोन: जागा वापरात आढळली नाही, मासळी घटल्याने पुढेही गरज नाही. सुनावणी २८ तारखेस.
निष्कर्ष ठाम, आधार पोकळ. तर्कशास्त्र एकतीस वर्षे शिकवले. हे असे सोडून देणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
खळ्यावर गेले. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील, जबड्यात जबडा अडकवून, ओळीने. खाली तीसेक बायका कामात. हे पडीक!
सध्या वाचते आहे ती पश्चिम आफ्रिकेतली कादंबरी सोबत होती. खाडीकाठचे गाव. काही पाने मराठीत सांगितली. कंपनीची जहाजे समुद्राचा तळ खरवडून नेतात. मग कंपनीचाच साहेब म्हणतो, मासे संपले, तुम्हाला किनारा कशाला? देश स्वतंत्र होतो. साहेब बदलतो, वाक्य तेच.
हि. : "ओ माजे बाय! यो तं आमचे बंदरान येऊन गेला."
मासळी घटली, मान्य. कोणी घटवली, हे विधान नोटिशीत गाळले आहे. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरचा उल्लेखच नाही. हरकतीचा मुद्दा पहिला.

१३ फेब्रु., गुरु.
पुढचे प्रकरण. मोजणीदार पुराच्या दिवसांत येतो. गाव तेव्हा उंचावर गेलेले. नकाशात तो लिहितो... मी भाषांतर केले, 'मोकळी जागा'.
हि. नी तिथेच तोडले. "मोकली कशी? पावसान आमी पन वलांड्या काढताव. बोंबील काय छत्रीखाली सुकवाचं?"
बायका हसल्या. मी पुस्तक मिटले, नोटीस मागितली. पाहणीची तारीख: १९ जुलै.
नोटीस मी तीनदा वाचली होती. तारखेकडे पाहिले नव्हते. याहून लहान चुकीसाठी मुलींना वर्गात उभे केले आहे.

२० फेब्रु., गुरु.
हरकत दाखल. प्रतीवर शिक्का घेतला. अधिकारी सभ्य, म्हणून अधिक अवघड.
"मॅडम, कादंबरी हा पुरावा नव्हे."
"मी ती दाखल केलेली नाही. तारीख तुमचीच आहे."
"मग हरकतीत पुस्तकाचा उल्लेख कशाला केलात?"
"कोणता प्रश्न विचारायचा, ते त्यातून कळले. तुमच्या कागदातून कळत नव्हते."
फेरपाहणी मागितली. जूननंतर पाहू, म्हणाले. मी म्हटले, आजच चला, बाहेर रिक्षा उभी आहे. त्यांनी चहा मागवला. मी घेतला नाही.

२५ फेब्रु., मंगळ.
कादंबरी संपली. शेवटचे प्रकरण ऐकून हि. म्हणाल्या :
"सगल्या पुस्तकान मास्तरच बोलतं. मासेवाल्या बाया काय मुक्या व्हत्या?"
निवेदक शिक्षक आहे, दृष्टिकोन त्याचा, वगैरे सांगितले.
"आन सुनावणीला कोन बोलनार?"
"मी."
"तुमी पन मास्तरच नं?"
मी कारणे दिली: कायद्याची भाषा, उलटे प्रश्न, वेळेची मर्यादा. सगळी खरी. त्यांच्या प्रश्नाला लागू एकही नव्हते. बोलणार हि.च, असे ठरले.

२७ फेब्रु., गुरु.
दोन तास सराव. मी अधिकारी झाले, हि. स्वतःच्याच भूमिकेत. वलांड्या आणि जुलै हा मुद्दा त्या माझ्यापेक्षा थोडक्यात मांडतात. ट्रॉलरचा तर अधिकच.
"जागा तुमच्या नावावर आहे का?" मी विचारले.
"माजे नावावर नाय. पन साहेब, तुमी सुका बोंबील खाल्ला नं? तो काय कचेरीन सुकला?"
असंबद्ध आहे, काढून टाका, म्हटले.
"काढनार नाय."
घरी येऊन विचार केला. वाद वापराचा आहे, मालकीचा नव्हे. म्हणजे असंबद्ध माझा प्रश्न होता.
उद्या अकरा वाजता. मी मागच्या बाकावर. निघताना हि. नी बजावले, "मधी बोलाचा नाय, म्याडम." शब्द दिला आहे. माझ्यासमोर कोणी पुन्हा 'पडीक' म्हणाले तर तो पाळला जाईलच, असे मात्र...