चावडीचं दार

तीर्थरूप बाबा,

मारेगावजवळच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, पोडावरून, शाल्मलीचा नमस्कार. मी बरी आहे. आईला एवढंच वाचून दाखवा.

कापसात काही उरत नाही म्हणून पोडाने यंदा जंगलातला बांबू ठेकेदाराला न देता स्वतःच विकायचं ठरवलं. तोडलेला बांबू आम्ही चावडीत ठेवला. 'चोरी होईल' असं तुम्ही लिहिलंत, म्हणून मी चावडीला दार बसवलं, कुलूप घातलं. इथल्या चावडीला कधी दार नव्हतं, बाबा. संकट आलं की सगळं पोड तिथेच धावतं.

मंगळवारी सकाळी ठेकेदाराची माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन घुसली. बायका लेकरांना घेऊन चावडीकडे पळाल्या आणि दारावर आदळल्या. किल्ली माझ्याकडे, मी ओढ्यावर. दारापाशीच गाठून त्यांना गुरासारखं झोडपलं. आडवे आलेल्या पोडाच्या प्रमुखाचं, लेतू नाईकांचं, डोकं फोडलं. बांबू आत सुखरूप राहिला!

मी धावत आले तेव्हा ते हलकट निघून जात होते. नाईकांची बायको मुत्तीबाई कुऱ्हाडीने दार उखडत होती. वाटलं, आता माझ्यावर येते. ती ओरडली, "पाहून काय राह्यली? धर!" त्याच दारावर नाईकांना निजवून आम्ही सडकेपर्यंत नेलं.

काल ते शुद्धीवर आले. मला पाहून पहिलं विचारलं, "पोरी, दार परत तं नाही ना लावलं?"

आईचा गुडघा कसा आहे? दुसरं कुलूप पाठवू नका. अक्षराला हसू नका, जाताजाता ठेकेदाराच्या एका माणसाने उजव्या हातावर काठी घातली, म्हणून डाव्या हाताने लिहिते आहे.

तुमची,
शाल्मली