जांभळ्या पिस्तुलाऐवजी जड रिव्हॉल्वर घेऊन परीक्षा देऊ देण्याबाबत

प्रति,
मा. शेरीफसाहेब,
टॅलबर्ट परगणा, उत्तर कॅरोलिना.

विषय : शस्त्र लपवून बाळगण्याच्या परवान्यासाठी नेमबाजीची परीक्षा पुन्हा घेण्याबाबत.
संदर्भ : मी नापास झाल्याचे आपले पत्र.

महोदय,

मी, श्रीमती यूडोरा टीग, वय ७३, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि तंबाखूच्या शेतांपलीकडे एकटी राहते. हे एकटे राहणेच आता धोक्यात आले आहे. माझी कन्या शार्लीन हिने बजावले आहे, "आई, एकटी राहायचं तर या महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी शस्त्राचा परवाना काढ, नाहीतर घर विकून मुकाट्याने आमच्याकडे राहायला ये." सबब हा अर्ज.

परीक्षेत मी वापरलेले जांभळे पिस्तूल माझ्या पसंतीचे नव्हते. माझे दीर व्हर्नन मला दुकानात घेऊन गेले. विक्रेत्याने माझ्याकडे न बघता त्यांनाच विचारले, "वहिनींच्या पर्सचा रंग कोणता?" दीर म्हणाले, "बाईमाणसाला आपलं लहान आणि हलकंच बरं." हलके पिस्तूल झाडताना खेचरासारखी लाथ मारते, हे दोघांपैकी एकानेही सांगितले नाही. माझी एक गोळी परीक्षकांच्या कॉफीच्या थर्मासात शिरली, याबद्दल मी दिलगीर आहे. बाकीच्या कुठे गेल्या ते देव जाणे. नवा थर्मास सोबत पाठवला आहे. ती भरपाई समजावी, लाच नव्हे.

सवय व्हावी म्हणून मी ते पिस्तूल रिकामे करून घरातच झग्याखाली बांधून वावरत असे. मंगळवारी गोधडी शिवायला बायका आल्या. आमच्याकडे मिठी मारल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही, हे आपण जाणताच. त्यांतल्या वॉन्डाने मिठीतच चाचपून पाहिले आणि ओरडली, "अगं बाई, एवढंसं? यानं उंदीर तरी मरेल का?" झाले! प्रत्येकीने आपापले गुप्त शस्त्र काढून गोधडीवर मांडले. पाद्रीबाईंची तर दोन निघाली. बिस्किटांची ताटली ठेवायला जागा उरली नाही. सल्ले जितक्या बायका तितके. एकमत एवढ्यावरच, की माझे चुकले.

त्या ढिगात पाद्रीबाईंच्या आईचे एक जुने, जड, लोखंडी रिव्हॉल्वर होते. मागच्या कुरणात नेऊन मी ते झाडून पाहिले. कुंपणावरचे डबे एकामागून एक पडले आणि मनगटाला कळलेसुद्धा नाही. दीर म्हणतात, "वहिनी, हे धूड लपवणार कुठं?" त्यांचे म्हणणे खरे आहे. त्याने झगा एका बाजूला कलतो, आणि झग्याबरोबर मीही. तोल सांभाळायला मी दुसऱ्या खिशात भजनांचे पुस्तक ठेवते. शिवाय, साहेब, या परगण्यात कोण काय कुठे लपवतो हे सर्वांना तोंडपाठ आहे. आपल्या डाव्या घोट्याजवळचेही.

एक खरे सांगून टाकते. इतक्या वर्षांत माझ्या दाराशी चोर फिरकलेला नाही. फिरकलाच तर मी त्याला कॉफी विचारीन, कारण एरवी इथवर येते कोण? मला भीती वाटते ती शार्लीनने माझ्यासाठी रंगवून तयार ठेवलेल्या खोलीची. पोरीने मायेनेच रंगवली आहे, म्हणून तर जास्त वाटते. त्या खोलीपासून मला वाचवील असे, आपल्या परवान्याखेरीज, दुसरे कोणतेही शस्त्र बाजारात मिळत नाही.

तरी परीक्षा लवकर घ्यावी, ही हात जोडून विनंती.

आपली नम्र व तूर्त नापास,
(सही)
यूडोरा टीग
दि. ३ नोव्हेंबर २०१४