ड्यूकचं घराणं

४ जानेवारी

लेकीने न विचारता घरी कुत्रा आणला. भटक्या जनावरांच्या आश्रयगृहातून. म्हणे, त्याच्या डोळ्यांत बघून हो म्हणाले. विमा कंपनीत एकवीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघून क्लेम नाकारणाऱ्या बापाची ही लेक!

तिला आठवण करून दिली की मी या इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी आहे, आणि नियम चौदा मी माझ्या हाताने लिहिलेला आहे: 'इमारतीत केवळ जातिवंत व तसा दाखला असलेली कुत्री राहतील. अन्य कुत्री नोटिशीपासून पंधरा दिवसांत हलवावीत.' लेक म्हणाली, बाबा, तो नियम तुम्ही तळमजल्यावरच्या शिट्टीमास्तरांच्या कुत्रीला घालवायला केला होता. मी म्हणालो, नियम कुणा एकासाठी नसतो. ती म्हणाली, मग आता भोगा.

बायको तोवर त्याच्यासाठी जुनी चादर शोधत होती.

निर्णय पक्का. उद्या परत पाठवणार.

५ जानेवारी

रविवार. आश्रयगृह बंद असणार. चौकशी केली नाही, पण असणारच.

६ जानेवारी

मोठा शोध. दाढी करता करता सहज पाहिलं तर कुत्रा खिडकीपाशी उभा. मान ताणलेली, शेपूट ताठ, पुढचा उजवा पाय हवेत उचललेला. हुबेहूब पॉइंटर! शिकारी जात. ऑफिसच्या जुन्या कॅलेंडरवर असाच होता, बाजूला बंदूकवाला साहेब. आश्रयगृहातल्या लोकांच्या हातात हिरा होता आणि त्यांनी त्याचं नाव काय ठेवावं? बटाट्या.

नाव बदललं. ड्यूक. दिवसभरात चाळीसेक वेळा हाक मारली. उच्च जातीची कुत्री पहिल्या हाकेला येत नाहीत, ती आधी माणूस जोखतात.

लेकीने स्वयंपाकघरातून 'बटाट्या' म्हटलं आणि तो धावत गेला. हा जोखण्याचाच भाग असावा.

९ जानेवारी

जिन्यात शिट्टीमास्तर भेटले. निवृत्त खेळशिक्षक. शाळा सुटून सहा वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी सुटत नाही. गेल्या वर्षी यांच्याच लेफ्टीवरून प्रकरण झालं. डावा कान दुमडलेली, पिवळट, कुणाचीही आणि कुठलीही. मी दाखला मागितला, तर बिचाऱ्यांनी लाळेची तपासणी करणाऱ्या लॅबकडून तिची जात काढून आणली. अकरा जाती निघाल्या! सभेत मी तो रिपोर्ट खड्या आवाजात वाचून दाखवला. म्हणालो, ही कुत्री नव्हे, हे संमेलन आहे. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मास्तरांनी रिपोर्टची घडी केली, खिशात घातली आणि लेफ्टीला गावाबाहेरच्या मेव्हण्याच्या रोपवाटिकेत पोचवून आले. प्रशासन कठोर असावं लागतं.

आज त्यांनी ड्यूककडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, डावा कान ओळखीचा वाटतो हो. मी म्हणालो, दुमडलेला डावा कान हे शिकारी घराण्याचं लक्षण आहे. असेल, म्हणाले.

खेळशिक्षकाला घराणं काय कळणार.

१४ जानेवारी

ड्यूकला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. जात विचारली. डॉक्टर म्हणाला, चार पायांची. हल्ली शिकलेल्या माणसांनाही पोच राहिलेली नाही. मग पाय उचलून उभं राहण्याची ती खास ढब दाखवली. त्याने चिमटा घेतला आणि पंजातून नखाएवढा काटा उपसून काढला.

घरी आल्यापासून ड्यूक चारही पायांवर उभा राहतो. डॉक्टरने एक दुर्मीळ गुण मुळासकट काढला आणि वर फी घेतली.

२० जानेवारी

संकल्प: रोज पहाटे साडेपाचला मैदानात शिकारीचं प्रशिक्षण.

२१ जानेवारी

पहाटे धुकं होतं. धुक्यात प्रशिक्षण दिल्यास कुत्र्याची नजर बिघडते असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

२२ जानेवारी

संध्याकाळी चेंडू फेकला. ड्यूक बसून राहिला. मी आणला. पुन्हा फेकला, पुन्हा मीच आणला. तिसऱ्या माळ्यावरच्या दातवाल्या बाई (नवरा दातांचा डॉक्टर, बाई दातओठ खाणाऱ्या) आपल्या मुठीएवढ्या कुत्रीला कडेवर घेऊन बघत होत्या. त्या कुत्रीच्या डोक्यात दोन क्लिपा. म्हणाल्या, छान शिकवलंय हो तुम्हाला त्याने.

मग गोड आवाजात विचारलं, दाखला आहे ना? २० मार्चला वार्षिक सभा आहे म्हणून विचारलं. मी म्हणालो, दाखला नोटीस बोर्डावर लावीन, काचेच्या आत. बाई म्हणाल्या, लावाच.

लावणारच.

२ फेब्रुवारी

लॅबकडे ड्यूकची लाळ पाठवली. मास्तरांनी पाठवली होती तीच लॅब. तेव्हा मीच कमिटीत तिला मान्यता दिली होती, आता दुसरी शोधली तर नावं ठेवायला बाई टपलेल्याच. लाळ घेण्याची कापसाची काडी ड्यूकने खाल्ली, सोबत दिलेली दुसरीही अर्धी खाल्ली, उरलेली अर्धी पाठवली.

रिपोर्ट कुठल्या ईमेलवर हवा असं विचारलं होतं. माझा स्वतःचा न देता मुद्दाम कमिटीचा दिला. कागदाला वजन येतं.

१० फेब्रुवारी

ड्यूक रोज तळमजल्यावर मास्तरांच्या दारापाशी थांबतो आणि हलत नाही. आत उंदीर असणार. शिकारी रक्त! आज मिशांना बिस्किटाचा चुरा लागलेला होता. उंदराने सांडलेला असेल.

१८ फेब्रुवारी

मला ताप. तीन दिवस अंथरुणात. ड्यूक पलंगाखालून हलला नाही. बायको म्हणते, दोन दिवस त्याने तोंडाला काही लावलं नाही. जेवणाच्या वेळा न पाळणं ही बेशिस्त आहे, खपवून घेणार नाही.

शेवटी उठून बसून हाताने भरवलं. प्रशिक्षणाचाच भाग.

बायको दारात उभी राहून हसत होती. मला ताप आला की तिला काय हसू येतं कळत नाही.

६ मार्च

ऑफिसात एका माणसाचा क्लेम नाकारत असताना फोन. दातवाल्या बाई. म्हणाल्या, अभिनंदन! तेरा!

मला वाटलं, क्रिकेटचं काहीतरी असेल.

रिपोर्ट आला आहे. कमिटीच्या ईमेलवर. म्हणजे सातही सभासदांच्या फोनवर, आणि सर्वांत शेवटी माझ्या. तेरा जाती. लॅब्रॅडॉर अठरा टक्के, स्पिट्झ चौदा, डॅशहंड नऊ, बीगल सात, आणि पुढे एकेक दोन-दोन टक्क्यांची अशी काही गर्दी की जणू फुकट प्रवेश होता. पॉइंटर: शून्य. एक टक्का द्यायला यांचं काय जात होतं?

खाली आणखी एक ओळ. 'जवळचा नातेवाईक आढळला. नातं: आई. नाव: लेफ्टी.'

त्या माणसाचा क्लेम मंजूर करून टाकला. शिक्का चुकीच्या खणात पडला.

७ मार्च

लॅबला खडसावलं. फोनवरची मुलगी म्हणाली, सर, अर्ध्या काडीवर एवढी भरपूर लाळ आम्ही पहिल्यांदाच पाहिली, चुकायला वावच नाही. आणि तुमचा कुत्रा नशीबवान, आई सापडणं किती जणांच्या वाट्याला येतं?

मास्तरांकडून लेकीने माहिती आणली. लेफ्टीला रोपवाटिकेत गेल्यावर पाच पिल्लं झाली. चार लोकांनी नेली. पाचवं कुंड्या फोडायचं, म्हणून मेव्हण्याने आश्रयगृहात दिलं.

बायको म्हणाली, तुम्ही तिला घालवली नसती तर हा जन्मलाच नसता. हे मात्र खरं आहे. म्हणजे बारकाईने पाहिलं तर ड्यूकच्या जन्माचं श्रेय नियम चौदालाच जातं.

८ मार्च

दातवाल्या बाई दारात. नोटीस टाइप करूनच आणली होती. सेक्रेटरीने स्वतःला द्यायची, सही तेवढी करा म्हणाल्या. पंधरा दिवस, म्हणजे २३ मार्चपर्यंत ड्यूक बाहेर. मी म्हणालो, बाई, घरचं जनावर आहे, लळा लागतो. बाई म्हणाल्या, अहो, गेल्या वर्षी तुम्हीच नव्हता का म्हणालात, नियमाला लळा नसतो?

बाईंची स्मरणशक्ती घाणेरडी आहे.

सही केली. सेक्रेटरीने कर्तव्यात कसूर करू नये. ड्यूकने नोटिशीचा कोपरा खाल्ला. एवढा एकच माझ्या बाजूचा.

९ मार्च

धाकट्या भावाला विचारलं, ठेवतोस का? म्हणाला, वहिनी आली तर ठेवतो, तू आणि कुत्रा नको. लेक म्हणते, तो गेला तर मीही मैत्रिणीकडे राहीन. बायको म्हणते, कुत्रा इथेच राहील, कसा ते तुम्ही बघा. या घरात माझी गरज पडते ती फक्त अशा वेळी.

१२ मार्च

तोडगा सापडला. वार्षिक सभेत नियम चौदा रद्द करण्याचा ठराव मांडायचा. मांडायला मी आहे. अनुमोदन देणारा एक हवा, तो कुणीही रहिवासी चालतो. या इमारतीसाठी मी काय केलं नाही! पार्किंगच्या रेघा, कचऱ्याच्या वेळा, मुलांना आवारात खेळायला बंदी. लोक रांग लावतील.

१४ मार्च

पहिल्या माळ्यावरचा बँकवाला: मुलांची खेळायची बंदी आठवते का, म्हणाला. दुसऱ्या माळ्यावरच्या जुळ्या बहिणी: त्यांच्या कुंड्या मी जिन्यातून उचलायला लावल्या होत्या, त्याबद्दल दोघी एकदमच बोलल्या. चौथ्या माळ्यावरच्या वकिलाने दार उघडलं, मला पाहिलं आणि लावलं.

लोक स्वार्थी आहेत.

१५ मार्च

शिट्टीमास्तरांकडे मी गेलो नाही. ड्यूकने ओढत नेलं, आणि पट्टा माझ्या हातात होता.

आतल्या खुंटीवर लेफ्टीचा पट्टा अजून टांगलेला. कोपऱ्यात तिचं भांडं, पालथं घातलेलं. मास्तरांनी ड्यूकला बिस्किट दिलं, मला बसा म्हटलं नाही. विचारलं, आज काय काम काढलंत, सेक्रेटरी? मी तयार करून नेलेलं भाषण केलं. परस्पर सहकार्य, शेजारधर्म, बदलता काळ. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, सभेत माझ्या लेफ्टीचा रिपोर्ट वाचलात, तेव्हा लोक कशाला सगळ्यात जास्त हसले, आठवतं?

मला आठवेना. एवढ्या सभा होतात.

ते म्हणाले, डॅशहंडला. तुम्ही म्हणालात, पाय आखूड म्हणून अक्कलही आखूड. ह्याच्यात किती आहे डॅशहंड?

नऊ टक्के, मी म्हणालो.

अनुमोदन देतो म्हणाले. अट एवढीच की ह्याचाही रिपोर्ट सभेत वाचायचा. तुम्हीच. त्याच आवाजात. आणि ठराव झाला की लेफ्टीला आणायला रोपवाटिकेत तुम्हीच जायचं.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. ड्यूक त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. त्याला उठवेपर्यंत विचार करून झाला.

२० मार्च, रात्री

वाचला. उभा राहून, तेराच्या तेरा. आवाज तोच ठेवायचा प्रयत्न केला, पण डॅशहंडची ओळ वाचायची राहिली, परत मागे जावं लागलं. छपाई फार बारीक आहे. लोक हसले, गेल्या वर्षीपेक्षा जास्त, कारण या वेळी दोन जाती जास्त होत्या. बँकवाल्याने शेवटी 'आणि पॉइंटर किती?' असं मागून ओरडून विचारलं. शून्य, मी सांगितलं. मास्तर हसले नाहीत. दोन्ही वर्षी न हसलेला तो एकच माणूस.

त्यांनी हात वर केला, अनुमोदन दिलं. ठराव मंजूर. नियम चौदा रद्द. दातवाल्या बाई सोडून सगळे हात वर. त्यांचे दोन्ही हात कुत्रीच्या क्लिपा नीट करण्यात अडकले होते.

मग कुणीतरी म्हणालं, सेक्रेटरीही बदलूया, आलोच आहोत तर. मास्तर निवडून आले. मला एक मत पडलं. ते माझं. बायको म्हणते, ती नेमकी तेव्हा पाणी प्यायला गेली होती.

एका दृष्टीने बरंच झालं. मी तसाही पद सोडणार होतो. हे आजवर कुणाला बोललो नव्हतो, म्हणून कुणाला माहीत नव्हतं.

२३ मार्च

नोटिशीची मुदत आज संपत होती. ड्यूक घरी आहे.

रोपवाटिकेत जाऊन आलो. ड्यूकलाही नेलं. लेफ्टी रोपांच्या रांगेतून आली, त्याला हुंगलं, कानामागे एकदा चाटलं आणि मग माझ्याकडे पाहून गुरगुरली. एका सभेला एवढं लक्षात ठेवायचं काय कारण? परत येताना ड्यूक पट्टा सोडवून कुंड्यांत घुसला. ड्यूक, ड्यूक म्हणून घसा फोडला. शेवटी, जवळपास कुणी नाही असं पाहून, बटाट्या म्हटलं. आला. एका फटक्यात. केवळ आणीबाणीत वापरायचं नाव म्हणून ठीक आहे.

आवारात शिरलो तर नवे सेक्रेटरी पायरीवर उभे. लेफ्टीने मला जवळजवळ आडवं पाडून त्यांच्याकडे झेप घेतली. म्हाताऱ्याने तिच्या मानेत तोंड खुपसलं. मी पार्किंगच्या रेघा पाहत होतो. पुन्हा रंगवायला हव्यात.

मग त्यांनी डोळे पुसले, शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली.

लेफ्टी बसली. तिचं बघून बटाट्या बसला.

मी बसलो ते पाय दुखत होते म्हणून.