विटकरी दिसणारे आकाशी पडदे

सोमवार, ३ मार्च
डोकं दुखतं म्हणून चष्मेवाल्याकडे गेलो. नंबर तोच आहे म्हणाला. वर, स्क्रीनकडे जरा कमी बघत जा, असा सल्ला. कमी बघून कसं चालेल? ही घरी पडदे शिवून विकते, त्याची वेबसाइट मी स्वतः बनवली आहे. ही म्हणत होती, एखाद्या कंपनीकडे देऊ. मी म्हटलं, घरात जाणकार माणूस असताना बाहेर कशाला?

घरी येऊन इलाज शोधून काढला. ‘थंडावा’ नावाचं प्लगइन. ब्राउझरमध्ये बसवलं की कोपऱ्यात छोटासा हिरवा गॉगल येतो आणि पांढरी पानं काळी होतात. झाडाखाली बसल्यासारखं वाटलं.

संकल्प: रोज डायरी. रोज चालायला जाणे (उद्यापासून).

मंगळवार, ४ मार्च, सकाळी
वेबसाइट बिघडली! आकाशी पडदे विटकरी दिसतायत. पोपटी पडदे जांभळे. आणि ‘आमच्याविषयी’ या पानावर हिचा फोटो एक्स-रेसारखा.

परवापर्यंत उत्तम होती. मधल्या काळात मी काहीही केलेलं नाही.

चालणं रद्द.

दुपारी
हिला दाखवलं. हिने मोबाइलवर उघडून बघितलं. म्हणाली, अहो, माझ्याकडे तर छान दिसतंय. मी समजावलं की मोबाइल जुनं चित्र साठवून ठेवतो, याला कॅशे म्हणतात. तुला दिसतंय ते परवाचं. ही म्हणाली, बरं. पण लवकर नीट करा, गेस्टहाऊसवाल्या बाई या आठवड्यात रंग बघून सांगणार आहेत. सगळ्या खोल्यांचे पडदे, शिवाय जेवणघराचे. एवढं मोठं काम हिला पहिल्यांदाच मिळतंय.

उद्यापर्यंत होईल म्हणून सांगितलं. खरं तर आजच होईल.

बुधवार, ५ मार्च
झालं नाही.

वेबसाइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे तिच्या मदतकेंद्राला ऑफिसमधून फोन केला. पलीकडची बाई पहिलंच विचारते, नवीन प्लगइन बसवलंय का? मी म्हटलं, नाही. थंडावा धरायचा नसतो. ते औषध आहे. पान काळं होतं ते त्याच्यामुळे, हे मलाही कळतं. पण पडद्यांचा रंग बदलून त्याला काय मिळणार?

मग म्हणाली, प्रायव्हेट विंडोत उघडून बघा. मी म्हटलं, बाई, आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही. मग पुन्हा प्लगइन! अशा लोकांना नोकरीवर घेतात तरी कशी?

बातम्यांच्या साइटवरही सगळे चेहरे निळे आहेत. म्हणजे त्यांचाही सर्व्हर गेलेला दिसतो. त्यांच्याकडे निदान पगारी माणसं असतील.

गुरुवार, ६ मार्च
अर्धी रजा टाकली. शास्त्रीय पद्धतीने सुरुवात केली. आधी मोडेम. सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या. रंग तेच. टीव्ही मात्र बंद पडला.

ऑफिसातल्या आमच्या विभागाचा जुना मॉनिटर रिक्षाने घरी आणला. त्याच्यावरही पडदे विटकरी. म्हणजे मॉनिटर निर्दोष. ही प्रगतीच म्हणायची. ही म्हणाली, टेबलावरून आधी हे धूड उचला, मला कापड बेतायचंय.

मदतकेंद्राला पुन्हा फोन. तीच बाई. मी नाव सांगण्याआधीच तिने विचारलं, प्लगइन काढलंत का?

फोन ठेवला.

शुक्रवार, ७ मार्च
सापडलं! पूर्ण रजा सार्थकी लागली.

कॉम्प्युटरमधले मूळ फोटो उघडून बघितले. आकाशी ते आकाशी, पोपटी ते पोपटी. वेबसाइटवर मात्र उलटं. म्हणजे चोर कुठे आहे? सर्व्हरमध्ये! तो वाटेत रंग उलटे करतो. आता त्या बाईशी कोण डोकं लावणार? तो उलटं करतो, तर आपण त्याला उलटंच द्यायचं.

फोटोच्या प्रोग्रॅममध्ये निगेटिव्हचं बटण आहे. एकेक फोटो घेतला, उलटा केला, चढवला. हिचाही. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळे पडदे जागच्या जागी, आकाशी, पोपटी, लख्ख. हिचा फोटोसुद्धा मूळ रंगात आला.

ही कापड आणायला बाजारात गेली होती. आल्यावर सांगितलं, गेस्टहाऊसवाल्या बाईंना कळव, बिनधास्त बघा म्हणावं. हिने लगेच फोन केला. बरं वाटलेलं दिसलं. चहाबरोबर बिस्किटं न मागता आली.

मदतकेंद्रातल्या त्या बाईसारख्या लोकांसाठी एक छोटं पुस्तक लिहावं असं मनात आहे.

शनिवार, ८ मार्च
गेस्टहाऊसवाल्या बाईंचा फोन आला. रंग राहिला बाजूला, त्यांनी हिला आधी तब्येत विचारली. फोटोत तुमचे केस पांढरे नि दात काळे झालेत म्हणाल्या. मग म्हणाल्या, मला आकाशी हवे होते, तुमच्याकडे सगळा मातकट माल दिसतोय. मी आजच दुसरीकडे विचारते.

हिने मोबाइल उघडून माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, आता सगळ्यांच्याच कॅशेत गडबड झालेली असणार.

हिने हातातली टेप गळ्यात अडकवली, कॉम्प्युटरसमोर बसली. कोपऱ्यात हा गॉगल कसला, विचारलं. मी सांगायला लागलो तोवर तिने त्याच्यावर क्लिक केलं. ‘बंद करा’ असं लिहिलेलं आलं. तिने बंद केलं.

पान पांढरं झालं. आकाशी पडदे विटकरी झाले. हिचे दात काळे. बातम्यांतले लोक मात्र माणसांसारखे दिसायला लागले.

हे मी मंगळवारीच करून बघणार होतो.

रविवार, ९ मार्च
ही कापडाचे नमुने घेऊन स्वतः गेस्टहाऊसवर गेली. मीही गेलो. बाईंना तांत्रिक बाजू समजावून सांगण्याची माझी तयारी होती. दारात ही म्हणाली, पिशवी धरा आणि कृपा करून बोलू नका.

बाईंनी आकाशी कापडावरून हात फिरवला. हेच हवं होतं हो, म्हणाल्या. पण खोल्यांचं काम काल संध्याकाळीच दुसऱ्याला सांगून झालं होतं. जेवणघराचे पडदे तेवढे हिला दिले.

परत येताना बसमध्ये ही खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, जेवणघरच मोठं असतं तसं. ही म्हणाली, हो.

ते ‘हो’ काही मला झेपलं नाही. आल्यावर सगळे फोटो सुलटे करत बसलो. जेवायला हाक येईल असं वाटत होतं. आली नाही. जाऊन बसलो तेव्हा ताट मात्र वाढलेलं होतं.

बुधवार, १२ मार्च
हिने मदतकेंद्राला फोन केला. फोन स्पीकरवर होता. तीच बाई. दोघी आधी बराच वेळ हसल्या, का ते विचारलं नाही. वेबसाइट आता त्यांची कंपनी सांभाळणार. बाईने विचारलं, पासवर्ड साहेबांकडे आहे का? ही माझ्याकडे बघत राहिली. मी सांगितला. पाच मिनिटांत बदलला.

शनिवार, १५ मार्च
वेबसाइट नवीन झाली. बरी आहे. अक्षरं आणखी ठसठशीत चालली असती, मेनू उजवीकडे हवा होता. ‘अभिप्राय’ असा एक चौकोन आहे, त्यात ग्राहक म्हणून सविस्तर सूचना लिहिल्या. खाली उत्तर आलं: आपला अभिप्राय मिळाला. मालकीणबाईंनी मान्य केल्यावर दिसेल.

मालकीणबाई शेजारच्या खोलीत मशीनवर जेवणघराचे पडदे शिवत होत्या. दुपारी आत जाऊन आठवण केली. मान वर न करता म्हणाली, बघते.

अजून दिसलेला नाही.