माणसं उतरेपर्यंत

प्रिय अहो,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. पण आज सकाळी हनानचा फोन आला. अंगणात रातांब्याची सालं वाळत घालत होते, तशाच लाल हातांनी घेतला.

"मॅडम, मला इथलं नागरिकत्व मिळालं! कॅप्टनना द्या ना फोन."

काय सांगणार होते मी तिला? तुम्ही गेल्या श्रावणात गेलात, हे तिला कळवायचंच राहून गेलं होतं. सांगितलं. ती म्हणाली, "ही बातमी मी पहिली त्यांना देणार होते." म्हणून लिहायला बसले. तिची बातमी तुम्हाला पोचायला हवी ना!

आठवते भूमध्य समुद्रातली ती दुपार? मी शिकवायचे त्या शाळेच्या सुट्टीत तुमच्याबरोबर जहाजावर आले होते. रेडिओवर हाक आली, माणसांनी भरलेली रबरी होडी बुडतेय आणि जवळ फक्त आपलंच जहाज आहे. तुम्ही विचारात पडल्याचं मला दिसलंच नाही. जहाज वळलं. शंभराच्या वर माणसं शिडीने वर आली, कुडकुडत, सांडलेल्या पेट्रोलने अंग भाजलेली. त्यात हनान आणि तिचा धाकटा भाऊ युसुफ.

आपली केबिन तुम्ही तान्ह्या मुलांच्या आयांना देऊन टाकलीत. मला न विचारता! मी बघतच राहिले, तर म्हणालात, "अगो, आपण दोघं काय, कुठेही पडू." मग मीही पदर खोचला आणि जहाजाच्या स्वयंपाक्याबरोबर मोठाल्या पातेल्यांत पेज शिजवायला लागले. मुलांनी काय ओरपली ती!

खरी कसोटी पुढेच होती. जवळचं बंदर म्हणालं, आधी ही माणसं कोण घेणार ते ठरू दे. दुसरं म्हणालं, हा आमचा प्रश्नच नाही. कंपनीचा माणूस फोनवर तुम्हाला समजावत होता, "कॅप्टन, जिथून आलीत तिथेच सोडा त्यांना."

आवाज न चढवता तुम्ही म्हणालात, "तिथून जीव मुठीत धरून निघालीत ती. सुरक्षित जागी उतरेपर्यंत मी इथून हलणार नाही."

बंदराबाहेर नांगर टाकून किती दिवस काढले आपण! पाणी जपून वापरावं लागत होतं. तुम्ही मात्र या देशाच्या कचेरीला, त्या देशाच्या कचेरीला तेच पुन्हा पुन्हा, तितक्याच शांतपणे सांगत होतात. माझ्या डोक्यात तिडीक जात होती. तुमच्या कशी जात नव्हती हो?

मग वारा फिरला आणि नांगरावरचं जहाज जागच्या जागी वळलं. खाली ओरडा झाला, जहाज मागे चाललंय! युसुफ कठड्यावर चढला. "परत नेणार असाल तर मी उडी टाकतो!" तुम्ही कुणालाही धावू दिलं नाहीत. एकटेच पुढे गेलात, हात दिलात. "वर चल. जहाज कुठे आहे ते स्वतः बघ."

ब्रिजवर, जहाज चालवतात त्या खोलीत, नेऊन त्याला नकाशा दाखवलात, नांगराची साखळी दाखवलीत आणि बसायला खुर्ची दिलीत. "शंका आली की इथे येऊन बसायचं. कुणाची परवानगी लागत नाही." त्या दिवसापासून तोच खाली जाऊन सगळ्यांना धीर देऊ लागला. तुमचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता. तेव्हा बोलले नाही, आज बोलते.

शेवटी जमलं. एका देशाने बंदर उघडलं, दुसऱ्याने डॉक्टर पाठवले, आणखी दोन-तीन देशांनी माणसं वाटून घ्यायचं कबूल केलं. त्यांचे अधिकारी आपल्याच जेवणाच्या टेबलाशी बसले होते. त्यांच्या यादीत हनान एका देशात आणि युसुफ दुसऱ्यात!

"आता ठरलंय, कॅप्टन," त्यातल्या एक बाई म्हणाल्या.

"भावंडं आहेत. आईबाप नाहीत त्यांना. पुन्हा एकदा विचारा, मी थांबतो." आणि खरंच तिथेच उभे राहिलात!

बाईंनी फोन लावला. पलीकडच्याने आणखी कुणाला तरी लावला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, दोघंही एकाच देशात जातील. सरकारं म्हणजेसुद्धा शेवटी फोन उचलणारी माणसंच, हे मला त्या दिवशी कळलं.

हनान तिथे नर्स झालीय, युसुफ बस चालवतो. एकाच इमारतीत राहतात, ती खालच्या मजल्यावर, तो वरच्या. "अजूनही रोज भांडतो आम्ही," म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

एक तक्रार मात्र आहे. रत्नागिरीत परतल्यावर कुणी विचारलं, "या खेपेला उशीर झाला काय वो?" तर तुमचं ठरलेलं उत्तर, "हो, बंदर मिळेना." बस, एवढंच! भाट्याच्या किनाऱ्यावर रोज तुमच्याबरोबर फिरायला येणाऱ्यांनाही काही ठाऊक नाही. मलाही गप्प केलंत. "आपण काय विशेष केलं?" म्हणे!

आता मी गप्प बसणार नाही. शेजारची पूर्वा पहिल्यांदाच जहाजावर नोकरीला निघालीय, उद्या पाया पडायला येईल. तिला बसवून सगळं सांगेन. तुम्ही जहाज वळवलंत ते तर सांगेनच, पण त्यानंतर बंदराबाहेर थांबलात कसे, ते अधिक सांगेन. हे वचन समजा. रागावलात तरी चालेल.

तुमचीच,
शुभा