अकरा आटे, बारा आटे

अमरावती, ९ जानेवारी १८६५

यंत्र आलं एकदाचं! रुईच्या गाठी आवळणारा वाफेचा प्रेस. अकोल्याहून बैलगाड्यांना नऊ दिवस लागले. इंजिनिअर साहेब पेट्यांभोवती असा फिरत होता, जणू लेक माहेरी आली आहे.

माझं काम दुभाष्याचं. साहेबाचं इंग्रजी भगवंताला सांगायचं, भगवंताचं बोलणं साहेबाला. भगवंत अचलपूरचा लोहार, नळ जोडायला ठेवलेला. बोलतो म्हणजे घणच घालतो. मी ते मऊ करून पुढे सरकवतो. तारा म्हणते, "तुम्ही भाषांतर नाही करत, लोणी लावता!" लग्नाला सहा वर्षं झाली, आता काय बोलणार.

११ जानेवारी

आज नवी विद्या. बॉयलरची वाफ नळातून प्रेसकडे जाते. नळाच्या टोकावर आटे पाडलेले असतात. त्यावर लोखंडाची जाड चकती फिरवून बसवायची, तिच्या भोकातही आतून आटे. मग दोन नळांच्या चकत्या तोंडाला तोंड लावून बोल्टांनी आवळायच्या. साहेब तिला 'फ्लँज' म्हणतो, भगवंत 'फलांज'. मी दोन्ही म्हणतो — पगार त्याचाच!

त्यातली एक वाटेत तडकलेली निघाली. साहेबाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

१२ जानेवारी

तडकलेल्या चकतीवरून साहेब आणि भगवंत दोघेही रुसलेले. मी मधे.

१४ जानेवारी

साहेबाला दुसऱ्या कंपनीच्या मालाच्या पेटीत तशीच चकती सापडली. स्वारी खूश. मोठा पाना लावून स्वतः बसवली. भगवंत आट्यांवरून नख फिरवत बसला होता. उठला आणि म्हणाला, "नळावर इंचात अकरा आटे, फलांजात बारा. अडीच फेऱ्यांत अडकून राहिली ते. साहेबाले सांगा, पुरी वाफ सोडली का उडन. जीव जाईल कोनाचा."

साहेबाने विचारलं, काय म्हणतो?

साहेबाचा चेहरा लाल. परवाच त्याने एका गाडीवानाला उलट बोलला म्हणून हाकललं होतं. मी म्हणालो, "म्हणतो की आपण बसवली ते बरं झालं."

साहेबाने भगवंताची पाठ थोपटली. भगवंत माझ्याकडे पाहत राहिला.

१७ जानेवारी

अर्ध्या वाफेवर चालवून पाहिला. पहिली गाठ बांधली! चकतीतून सू-सू येत होतं. रुई वाहणाऱ्या बाया त्या नळाखालीच ओळीने बसतात, चाळीसेक असतील. माणिकबाईने वर पाहिलं. "मुनशीजी, हे काहून सुसकारे टाकून राहिली?"

"नवी नवरी आहे," मी म्हणालो, "लाजते."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. भगवंत नाही हसला. "सांगतलं ना साहेबाले?" म्हणून पुन्हा विचारलं त्याने. हो म्हणालो.

जेवण गेलं नाही. ताराने विचारलं तर पित्त झालंय म्हणालो.

२० जानेवारी



आज उद्घाटन. गावातले शेठ, वकील, मामलेदार सगळे हजर. बायकांसाठी वेगळी जागा केलेली — नळाच्या बाजूला, तिथे सावली असते म्हणून! तारा नवं लुगडं नेसून पुढेच उभी होती. मला पाहून हळूच हसली.

साहेबाने हात वर केला. पुरी वाफ सोडायची खूण. आणि मी ओरडलो. इंग्रजीत की मराठीत, आठवत नाही. गर्दीतून धावत जाऊन साहेबाचा हात धरला — साहेबाचा हात! "चकतीचे आटे धरलेले नाहीत! भगवंताने सांगितलं होतं!"

बॉयलरखालची आग बाहेर ओढली. वाफ उतरल्यावर चकती सोडवली. दोन फेऱ्यांत ती भगवंताच्या हातात आली. आतले आटे पार चुरडलेले. साहेब पांढराफटक. "मला कुणी सांगितलं का नाही?" भगवंताला इंग्रजी येत नाही, पण एवढं कळलं त्याला. सहा बोटं वर करून म्हणाला, "सा दिवस झाले सांगून राहिलो!"

बोटं साहेबालाही मोजता येतात.

घरी आल्यावर ताराने नवं लुगडं बदललं. मग म्हणाली, "आणि त्या रुईवाल्या बाया तिथं बसल्या होत्या, तेव्हा?"

 

२१ जानेवारी

भगवंत अकरा आट्यांची नवी चकती करतो आहे. साहेबाने मला त्याच्यासमोर उभं केलं. म्हणाला, "याला विचार, तुझं काय करू?" मीच विचारायचं!

विचारलं. भगवंताने कानस खाली ठेवली. "काढून टाका. मानूस वाईट नाही. पन घरची बाई नळापाशी उभी राहिली तवाच हा खरं बोलते."

शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. एकही गाळला नाही.